कडब्याखालची माती

सुकेशनी विद्यापीठात दगडमातीतल्या प्राचीन बुरशीवर संशोधन करत होती. करमाडजवळ तिच्या मुंजाबामामानं विहीर खोदायला घेतली, तेव्हा काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये राखाडी मातीचा पट्टा लागला. लाव्हा एकदा वाहून थंड झाला आणि पुन्हा वाहिला, त्या मधल्या काळात साचलेला तो गाळ, काही कोटी वर्षांपूर्वीचा. तो आम्लात विरघळवला की बुरशीचे बीजाणू मागं उरत. कुणाला एकच कप्पा, कुणाला चार, कुणाच्या टोकाला भोक, कुणाच्या अंगावर काटे. त्यावरून ती त्यांच्या जाती लावायची. त्यातल्या तीन जाती अजून कुणीच नोंदवलेल्या नाहीत, अशी तिची खात्री होती.

प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी एका चित्रावर तिला थांबवलं.

"हा बीजाणू मी बाजरीच्या पानावर पाहिलाय. आजच्या बाजरीच्या. तुमची माती कुठं ठेवली होती?"

मामानं विहिरीतून काढलेली मातीची ढेकळं, सुकेशनी न्यायला येईपर्यंत, मेंढ्यांच्या वाड्यात बाजरीच्या कडब्याखाली ठेवली होती. तिनं तसं सांगून टाकलं. म्हणजे कडब्यावरचे आजचे बीजाणू त्या जुन्या गाळात मिसळलेले असू शकत होते.

"ताजी माती आण," तिच्या मार्गदर्शक दीपमाला मॅडम नंतर म्हणाल्या. "त्याशिवाय मलाही काही बोलता येणार नाही."

तिनं लगेच मामाला फोन लावला. "मामा, तो मातीचा पट्टा उघडाय ना अजून?"

"आगं, विहीर बांधायला काढलीय. गवंडी पट्ट्यापतुर आलेत. उद्या झाकून जाईल की."

"थांबवा त्यांना. मी निघालेच."

ती पोचली तेव्हा गवंडी बाभळीखाली भाकरी खात बसले होते. बांधकाम पट्ट्याच्या हातभर खाली थांबलं होतं.

"खाली उतराया भ्या वाटतं का?" मामानं विचारलं.

"वाटतं."

"मंग मी बी येतो."

दोघं क्रेनच्या टोपल्यात बसून उतरले. सुकेशनीनं वरवरची माती खरवडून टाकली, आतला मोठा तुकडा कापला आणि तिथंच नव्या पिशवीत घालून तोंड बांधलं.

"येवढ्याशा मातीत काय असतंय गं?"

"नसलं तर माझं सगळं काम गेलं, मामा."

मामानं हातातल्या बॅटरीचा उजेड जराही हलू दिला नाही.

प्रयोगशाळेत तिनं तुकड्याचा फक्त गाभा घेतला. शेजारच्या भांड्यात नुसतं आम्ल ठेवलं, मातीशिवाय. तिथं बीजाणू दिसले तर ते हवेतले समजायचे. त्या नुसत्या आम्लाची काचपट्टी तिनं आधी पाहिली. स्वच्छ होती. मग मातीची घेतली. एकामागून एक काचपट्ट्या झाल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्या तीनपैकी दोन जाती कुठंच नव्हत्या. त्या कडब्यातूनच आल्या होत्या. तिनं आपल्या हातानं त्यांच्यावर काट मारली.

तिसरी मात्र दिसली. चपटी झालेली, गर्द तपकिरी, चार कप्प्यांची. आणि पुढच्या काचपट्टीवर पानाच्या सालीचा एक कपटा, त्यात तसेच बीजाणू ओळीनं रुतलेले. तिनं मॅडमना हाक मारली.

मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होत्या. "पानाच्या आत आहेत. हे उडून आलेले नाहीत. आणि हे पान बाजरीचं नाही."

"म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे ही जात खरी आहे, सुकेशनी."

सुकेशनीला एकदम हसूच फुटलं. "दोन गेल्या की हो."

"आत्ता गेल्या ते बरं झालं. छापून आल्या असत्या तर जन्मभर निस्तरत बसली असतीस."

बाहेर येऊन तिनं करमाडला फोन केला. "मामा, घावलं!"

"चांगलं हाय का ते?"

"लई चांगलं."

मामानं फोन कानाला तसाच ठेवून मामीला आरोळी ठोकली, "बाने, आगं पोरीचं काम झालं!" मागं मेंढ्या ओरडत होत्या. लांबून मामी विचारत होती, कसलं काम, आणि मामा सांगत होता, "मला कुठं कळतंय? पर झालं!"