गुणाबाईचं दुखणं मी पाहिलं

मित्रांनो, लातूरच्या एका महाविद्यालयात, जीवशास्त्राच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात पितळी नळीचं एक यंत्र उभं आहे. तो मी, जुना सूक्ष्मदर्शक.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. कारागिरांनी माझी भिंगं घासून घासून लख्ख केली. माझ्यात दिवा नाही. तळाशी एक गोल आरसा आहे, तो खिडकीकडे वळवला की मला दिसू लागतं. लातूरच्या दवाखान्यात आलो, तेव्हा माझं फार कौतुक झालं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींच्या तळाचं गढूळ पाणी लोक पीत होते. त्या पाण्यातले जंतू मी रोज दाखवले.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला. दवाखान्यात विजेचा सूक्ष्मदर्शक आला आणि मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. माझ्या भिंगावर बुरशी चढली.

तिथून मला खाली काढलं ते कमलम्मा डॉक्टरांनी. त्या उदगीरच्या व्यापारी घरातल्या, हैदराबादला शिकलेल्या. वीज सारखी जात होती आणि त्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतः माझी भिंगं पुसली.

कारण होती गुणाबाई. जळकोटकडची ही तरुण बाई घागर घेऊन चार पावलं चालली की खाली बसायची. पापण्या अर्ध्या मिटलेल्या असायच्या. दुष्काळात खडी फोडायच्या कामावरही पोरवयात तिला कामचुकार म्हणत. आता सासू साखराबाई तिला कायमची माहेरी धाडून मुलाचं दुसरं लग्न लावणार होती.

"हिला काही झालं न्हाई, बाई," नवरा सटवाजी म्हणाला. "आई म्हणती, सोंग करून राहिली."

"आधी बघू तरी," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी गुणाबाईच्या मांडीतला स्नायूचा बारीक तुकडा काढून बर्फातून हैदराबादला पाठवला. तिथून त्याचे पातळ, रंगवलेले काप काचपट्टीवर बसून आले. डॉक्टरांनी मला खिडकीत ठेवलं, आरसा उन्हाकडे फिरवला.

मित्रांनो, मी स्वच्छ पाहिलं. स्नायूचे निरोगी धागे कडेला नीट असतात. इथे कित्येक धाग्यांच्या कडा लालभडक होत्या, फाटल्यासारख्या.

डॉक्टरांनी सटवाजीला बोलावलं. "बघा. आपल्या पेशीत ताकद तयार करणारे बारके कण असतात, तंतुकणिका. एखादी बिघडली की पेशी स्वतःच तिला मोडून साफ करते. तुमच्या बायकोच्या स्नायूत बिघडलेल्या तंतुकणिकांचा ढीग साचलाय. सफाई पुरी पडत नाही. मग ताकद कुठून यायची?"

"म्हंजी सोंग न्हाई?"

"नाही. आजार आहे."

सटवाजीनं वाकून माझ्या नळीतून पाहिलं. बाकावरची गुणाबाई भिंतीला धरून उठली. "मला बी बघू द्या," ती म्हणाली. बोटांनी पापणी वर धरून तिनं माझ्या नळीतून बराच वेळ पाहिलं.

"दिसलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसलं. आता आत्याबाईला दाखवा."

पुढच्या खेपेला सासू साखराबाई आली. तिनंही नळीतून पाहिलं. जाताना सुनेच्या हातातलं गाठोडं तिनं स्वतःच्या काखेत घेतलं.

त्या आजारावर औषध नव्हतं. पण दुसऱ्या लग्नाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पाणी सटवाजी भरू लागला. गुणाबाई जळकोटच्या बाजारात बसून भाजी विकायची आणि तिच्याइतकं चोख वजन करणारं तिथे कुणी नव्हतं.

पुढे दवाखान्यानं मला या महाविद्यालयाला देऊन टाकलं. आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत पेशीच्या या सफाईचा अभ्यास चालू आहे. हातपाय थरथरतात त्या कंपवातातही ती बिघडते, असं संशोधक सांगतात. उपाय सापडतील, माझी खात्री आहे.

मित्रांनो, माझी भिंगं पुसलीत तर मी आजही नीट दाखवीन. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी सारखं थकून बसत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, काय होतंय.