नेलीच्या कोपऱ्याचा आडोसा

मित्रांनो, आधी हात पुसा आणि मगच मला हात लावा! मी एक जुना लाकडी आडोसा आहे, पण ऐरागैरा नाही. लँकाशायरच्या या गिरणगावात 'वीव्हर्स आर्म्स' नावाचा पब आहे. त्यातल्या सगळ्यांत छोट्या खोलीला खोलीपण दिलं ते मी. खाली कमरेपर्यंत महोगनी, वर नक्षीच्या काचा आणि मधे बारकडे उघडणारी वीतभर खिडकी. त्या खिडकीतून पेला आत येतो, पण आत कोण बसलंय ते बाहेरच्याला दिसत नाही. अशा खोलीला आमच्याकडे स्नग म्हणतात.

माझं लाकूड जहाजातून लिव्हरपूलला उतरलं, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं. मला घडवलं जोसाया इंगम नावाच्या सुतारानं. माणूस महातिरसट, पण हात काय होता म्हणून सांगू! सांध्यांत एक खिळा मारला नाही. खाचेत खाच बसवली आणि म्हणाला, "हा हलला, तर माझं नाव बदला." मी अजून हललेलो नाही. बढाई वाटते? वाटू दे. काम चोख झालं असेल तर लाजायचं कशाला?

त्या काळात बायकांनी बारसमोर उभं राहून प्यायलेलं लोकांना खपत नसे. गिरणीतून सुटलेल्या विणकर बायका शाली सावरत माझ्या आड येऊन बसत. यंत्रमागांच्या खडखडाटानं त्यांचे कान लवकर जात. म्हणून त्या आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. वर्षानुवर्षं बघून बघून मीही ती बोली शिकलो. काय काय वाचलं, विचारू नका! मी चहाडखोर नाही.

पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि माझेही दिवस फिरले. पॉलिश गेलं. कुणी माझ्या अंगावर टाचण्यांनी जाहिराती ठोकल्या. पलीकडच्या खोलीचा आडोसा, माझा सख्खा भाऊ, एका हिवाळ्यात फोडून शेकोटीत घातला गेला. त्याचा धूर मी पाहिला आहे. तेव्हा खूप रडावंसं वाटलं.

तरी माझ्या खोलीत रोज दोघी जणी येतच राहिल्या. नेली हॅलिवेल आणि फीबी ग्रिमशॉ. उभा जन्म शेजारशेजारच्या मागांवर काढलेला. नेलीला आता काहीच ऐकू येत नसे. पण स्नगमध्ये गुडघ्याला गुडघा लावून, समोरासमोर बसलं की तिच्या गप्पांना ऊत यायचा. सगळ्या गल्लीची खबर तिला असायची.

एके दिवशी बिअर कंपनीचे फॅनशॉसाहेब मोजायची टेप घेऊन आले. पब कंपनीचा, वॉल्टर शोरॉक नुसता चालवणारा.

"हे सगळं पाडायचं," साहेब म्हणाले. "एकच मोठी खोली करू. गाण्यांचं यंत्र ठेवू. बायकांना असं खुराड्यात कोंडायचे दिवस गेले."

"कोंडलंय कुणी?" फीबी फणकारली. "आम्ही बाप्यांना बाहेर ठेवलंय!"

वॉल्टर हसला. साहेब हसले नाहीत.

"आणि त्या गोंगाटात, दहा दिशांना तोंडं असताना नेलीनं कुणाचे ओठ वाचायचे?" फीबी म्हणाली. "भरल्या घरात मुकी होऊन बसेल ती."

"उजेड भरपूर असेल, बाई," असं म्हणून साहेबांनी टेप गुंडाळली.

ठरल्या दिवशी दुपारी सुतार येणार होते. तेव्हाच्या कायद्यानं दुपारभर पब बंद असे. वॉल्टरनं "चला, वेळ झाली!" असा पुकारा केला, तेव्हा साहेब माझ्या खिडकीला टेकूनच उभे होते. आत फीबीचे ओठ हलले, "अर्धा ठेव. चकती घाल." नेलीचे ओठ म्हणाले, "बरी आठवण केलीस, भवाने." साहेबांना चकार शब्द ऐकू आला नाही. मला मात्र सगळं कळलं!

दोघींनी आपापला अर्धा भरलेला पेला टेबलावर ठेवला, त्यावर पुठ्ठ्याची चकती झाकली आणि त्या घरी गेल्या. पेल्यावर चकती म्हणजे ही जागा माझी आहे, मी परत येतोय. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. वॉल्टर एरवी टेबलं लख्ख करून ठेवी. त्या दिवशी तो या खोलीकडे फिरकलाच नाही.

एंटविसल नावाचा सुतार पहार घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"इथं कुणीतरी बसलंय, साहेब."

"खोली रिकामी आहे!"

"माणूस जरा बाहेर गेलंय, एवढंच. चकती आहे ना वर."

"मग उचला ते पेले!"

"दुसऱ्याचा पेला? मी? उद्या मला इथं तोंड दाखवायचंय."

साहेबांनी स्वतः हात पुढे केला. वॉल्टर हाताची घडी घालून म्हणाला, "उचला की. पण मग या गावात तुमचा पेला कोण भरतं ते बघतो मी."

साहेबांचा हात तिथेच थांबला. एंटविसल पहार बाजूला ठेवून निवांत पाइप ओढत बसला. संध्याकाळी दार उघडलं तशा दोघी आल्या, चकत्या काढल्या आणि बसल्या.

साहेब दारात उभे राहून, हातातल्या नकाशाकडे बघत म्हणाले, "हे पाहा बाई, उद्यापासून तुम्हाला इथं बसता येणार नाही."

नेलीनं त्यांची बाही ओढली. "बाळा, असा कागदाशी काय बोलतोस? बस इथं. माझ्याकडे बघ. ओठ दिसू देत."

जागाच तेवढी, साहेबांना गुडघे मुडपून तिच्यासमोर बसावं लागलं. नेली पुढे वाकली. तिचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले. एवढं लक्ष देऊन त्यांचं कुणी कधी ऐकलं नसावं.

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी जीव मुठीत धरून त्यांचे ओठ वाचत होतो.

"तुमच्यासाठी काय मागवू?" ते म्हणाले.

"हाच पेला पुन्हा भरून," नेली म्हणाली. "आणि फीबीलाही. ती लाजतेय."

पाडायचा बेत तिथेच मोडला आणि मी उभाच राहिलो. आज लांबलांबून लोक मला बघायला येतात. मित्रांनो, जुनं पाडायचं असेल तर खुशाल पाडा. माझी विनंती एवढीच, की आधी आत येऊन बसा आणि तिथं बसणाऱ्याच्या डोळ्यांत बघून ते सांगा.