भाकरीचा तिसरा तुकडा

लातूर जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी चौथीत होते. आमचं गाव औशापासून दोन कोसांवर. शाळेच्या दाखल्यांवर अजून 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेलं असायचं. शिवगंगाबाई ते शाईनं खोडून वर 'लातूर' लिहायच्या. बाई उदगीरच्या, आमच्या वर्गावर नव्याच आलेल्या. त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता, आणि माझे आईबाबा पाझर तलावाच्या कामावर जायचे.

एका संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, एक छेद तीन हे एक छेद चारपेक्षा मोठं. बाबांनी ते पाहिलं. बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. आकडे वाचता येतात याचा त्यांना फार अभिमान. चार मोठे की तीन, त्यांनी विचारलं. चार, मी म्हणाले. मग हे काय लिहिलंस म्हणत त्यांनी पाटी पुसली आणि माझ्याकडून उलटं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर फुली मारली. ते ऐकून बाबा कामाला खाडा करून शाळेत भांडायला गेले.

बाई चिडल्या नाहीत. आणखी चार-पाच घरांत असंच झालंय, म्हणाल्या, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या आईबापांना बोलावलं.

पंधरा-वीस माणसं आली. आम्ही मुलं खिडकीशी उभी. बाईंनी प्रत्येकाला वर्तमानपत्राची एकेक पट्टी दिली आणि घड्या घालून तिचे चार सारखे भाग करायला सांगितलं. बाबांना ते झटक्यात जमलं. त्यातला एक भाग म्हणजे एक छेद चार, तुमचा पाव तो हाच, असं म्हणत बाईंनी तो फळ्यावर लिहिला. बाबा बघतच राहिले. पाव त्यांना लहानपणापासून ठाऊक होता; तो असा लिहितात हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग बाईंनी आणखी एकेक पट्टी देऊन तिचे तीन भाग करायला सांगितले. ते काही केल्या सारखे होईनात.

माझी आई, सरजाबाई, दाराशी बसली होती. ती शाळेत पहिल्यांदाच आली होती. तिनं फडक्यातली भाकर काढली आणि तिचे तीन तुकडे केले, अगदी सारखे.

"तिघांत वाटली तर वाटा मोठा, चौघांत वाटली तर ल्हान," ती म्हणाली. "यात शिकायचं काय हाय, बाई?"

हेच मी मुलांना शिकवते, बाई म्हणाल्या, पण इतके नेमके तुकडे तुम्हाला कसे जमतात?

आईनं तिन्ही तुकडे फडक्यावर ओळीनं ठेवले.

"बहात्तरच्या दुष्काळात आमी चौघं होतो. हे, मी, सासू अन् आमचा भीमा. मिळंल त्याचे चार वाटे करायची मी. मग भीमा हगवणीनं गेला. दुसऱ्या दिशी तीनच तुकडे केले. लई मोठे झाले, बाई. कुणाच्याच घशाखाली उतरंना."

बाबा हातातली पट्टी उगाच सरळ करत राहिले. बाईंनी खडू ठेवला आणि आईजवळ जमिनीवर येऊन बसल्या. भाकरीचा एक तुकडा त्यांनी मागून घेतला आणि तिथंच खाल्ला. आमच्या वस्तीतल्या घरची भाकर तोवर गावातलं कुणी खात नसे. दोघी-तिघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाई खातच राहिल्या.

मला भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. दुष्काळात मी आईच्या पोटात होते. घरी जाताना बाबांना विचारलं, तो कसा होता? ओढा ओलांडल्यावर ते सांगू लागले. भीमा चार वर्षांचा होता, बैलांना भ्यायचा नाही, आणि झोपताना बाबांचा कान धरून झोपायचा. घर येईपर्यंत ते बोलत होते. आई पुढे चालली होती. तिनं पावलं मंद केली आणि आम्हाला आपल्याजवळ येऊ दिलं.