समक्ष बजावली

"आणि नोटीस त्यांच्या हातात द्यावी लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे दादांच्याच हातात."

वहिनी खर्चाचा कागद वाचत होत्या. अर्जाची फी, वकिलाची फी, दोन डॉक्टरांचे दाखले, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, जामीनदाराचे कागद. चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काचा घासलेल्या बाईची नजर बारीक असते. अगदी तळाशी 'दरवर्षी हिशेब सादर करणे' असं लिहिलं होतं, तेही त्यांनी वाचलं होतं. पण वकीलबाईंचं हे वाक्य ऐकलं आणि त्यांनी कागद खाली ठेवला.

"काय लिहिलेलं असतं त्या नोटिशीत?"

"की तुम्ही त्यांचं पालकत्व मागताय. ते स्वतःचे व्यवहार बघायला असमर्थ आहेत असं तुमचं म्हणणं आहे, आणि त्यांना काही सांगायचं असेल तर त्यांनी कोर्टात येऊन सांगावं. ज्याचे हक्क दुसऱ्याच्या हातात जाणार, त्याला आधी कळवायला नको का? चांगलीच गोष्ट आहे ती, वहिनी."

"चांगली आहे हो," वहिनी म्हणाल्या. "पण आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात नोटिसाच दिल्या ना."

दादा कोर्टात बेलीफ होते. समन्स, नोटीस, जप्तीचा हुकूम, ज्याचा असेल त्याच्या दारात जाऊन द्यायचा आणि 'समक्ष बजावली' असा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. असल्या माणसाला दारात बघून कुणाला आनंद होत नाही. तरी दादांवर कुणी कुत्रं सोडलं नाही की पाणी ओतलं नाही. निवृत्त झाले, वर्षभर फुलझाडांच्या मागे लागले, आणि एका सकाळी झारी हातात असतानाच मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळले. त्याला आता चौदा महिने झाले होते. वाचले, हेच खूप. आता त्यांना साल सांगता येत नव्हतं, पैसे मोजता येत नव्हते. काही दिवशी ते वहिनींना ओळखत, काही दिवशी नुसते सज्जनासारखे हसत.

पेन्शन दर महिन्याला खात्यात येत होतं आणि तिथेच पडून होतं. काढायला दादांची सही लागे, आणि आता त्यांच्या दोन सह्या एकसारख्या येत नव्हत्या. बँकेतला मुलगा बिचारा अदबीने बोलायचा. "काकू, तुम्ही त्यांच्या बायको आहात, पण कायद्याने पालक नाही."

"त्यांना अंघोळ घालताना कुणी कागद मागितला नाही रे," वहिनी म्हणाल्या होत्या.

त्याचं काही चुकत नव्हतं. पण पेन्शन अडल्यामुळे आठवड्यातून तीनदा येणाऱ्या व्यायामवाल्या बाई एकदाच येऊ लागल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "उजवा पाय आत्ता सुटला तर सुटला. अजून चार-सहा महिने गेले तर आखडेल, मग हे उभे राहायचे नाहीत." म्हणून वहिनींनी दुकानाच्या शेठकडून चार महिन्यांचा पगार उचल घेतला आणि वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला. शेठने व्याजाचं नावही काढलं नाही. वर म्हणाला, "पाचव्या महिन्यापासून कापू, घाई काय आहे?"

पैशांचं असं जमून गेलं. जमत नव्हता तो एकच विचार. दादा सगळं विसरले होते, पण कोर्टाचं ते तपकिरी पाकीट ते विसरले असतील का? आणि पाकीट उघडून त्यांनी 'असमर्थ' वाचलं, खाली बायकोचं नाव वाचलं, तर?

*

जाहीर नोटीस आठव्या पानावर छापून आली. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. चौथ्या दिवशी दारात एक आडदांड माणूस उभा राहिला. नखांत काळं वंगण, हातात कात्रण.

"या जाहिरातीबद्दल आलोय."

एकतीस वर्षांत किती जणांच्या घरी दादांनी वाईट बातमी नेली असेल. एखाद्याने डूख धरला असला तर नवल काय?

"काय हरकत आहे तुमची?" त्यांनी दारातच विचारलं.

"हरकत?" तो माणूस गोंधळला. "अहो, टायरचं दुकान आहे माझं. दादांना बघायला आलो. बसू का?"

बसला आणि त्याने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी दादा त्याच्या दुकानाच्या जप्तीची नोटीस घेऊन आले होते. भर दुपारची वेळ, त्याने नुकताच डबा उघडला होता. "दादांनी दारातून विचारलं, जेवलात का? म्हटलं, बसतोच आहे. तर म्हणाले, मग जेवून घ्या, मी थांबतो. अर्धा तास उन्हात उभे होते, वहिनी. मला काय माहीत हातात काय आहे? मी आपला चवीचवीने जेवतोय. नंतर नोटीस दिली आणि बोट ठेवून म्हणाले, ही तारीख चुकवू नका. जे जातात त्यांचं काहीतरी वाचतं. मी गेलो आणि दुकान वाचलं. आधीच नोटीस दिली असती तर दोन दिवस घास उतरला नसता माझ्या घशाखाली."

वहिनींना हे ठाऊक नव्हतं, असं नाही. कोर्टात दादांना मागून 'जेवलात-का' म्हणत. पण त्या थट्टेच्या दुसऱ्या बाजूला असा भरल्या पोटी उठलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

तो दादांच्या खुर्चीजवळ गेला आणि त्यांचा हात हातात घेतला. दादांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तारीख?" ते म्हणाले.

"नाही चुकवली, दादा," टायरवाला म्हणाला, आणि तोंड फिरवून खिशात रुमाल शोधत बसला.

निघताना त्याने विचारलं, काही अडलंय का. जामीनदार लागतो, वहिनींनी सांगितलं. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे असा. उद्या मी पैशांचा घोळ केला तर कोर्ट त्याला धरणार.

"मग दुकान लावा माझं."

"अहो, विचार करा. घरी विचारा."

"ज्यांनी वाचवलं त्यांच्यासाठीच लावायचं. त्यात विचार काय करायचा?" तो म्हणाला आणि चपला घालून गेलासुद्धा.

त्या संध्याकाळी वहिनींना उगाचच बरं वाटत होतं. आपण एकट्या आहोत असं वर्षभर समजत होतो, ते काही खरं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

*

घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. पहिल्या तारखेला नोटीस परत आली, 'घरी आढळले नाहीत.' पुन्हा फी भरून पुन्हा नोटीस काढली. दुसऱ्या तारखेला अहवाल आला, 'दाराला कुलूप.' वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. परत फी, परत महिनाभर पुढची तारीख. खरं सांगायचं तर दोन्ही वेळा वहिनींना आतून हायसं वाटलं होतं आणि दोन्ही वेळा त्याची लाजही वाटली होती. कारण त्या महिन्यात व्यायामवाल्या बाईंनी दादांचा गुडघा वाकवला तेव्हा दादा कळवळले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी तडक बेलीफांच्या खोलीत गेल्या. पाच खुर्च्या, एक पत्र्याचं कपाट, भिंतीवर पिशव्यांचे खिळे. दादांच्या खिळ्यावर अजून कुणी पिशवी लावली नव्हती. त्यांना बघून सगळे उभे राहिले.

"लंबू कुठाय?"

लंबू म्हणजे सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत भित्रा. दादांच्या हाताखाली शिकलेला. तो कपाटाआड लपायला बघत होता, पण त्या उंचीला कपाट कुठून पुरणार?

"काय रे, दादा घरी नव्हते? ज्या माणसाला संडासात धरून न्यावं लागतं तो गेला कुठे होता, सिनेमाला?"

"आलो होतो, वहिनी," लंबू पायांकडे बघत म्हणाला. "दोन्ही वेळा आलो होतो. खिडकीतून बघितलं, खुर्चीत बसले होते. नाही जमलं मला. नोटीस कशी धरायची, डोळ्यांत बघून कशी द्यायची, हे ज्यांनी शिकवलं त्यांच्या हातात हे कसं देऊ? इथल्या कुणालाच जमेना."

"दादांनी एकतीस वर्षांत एक तरी खोटा अहवाल लिहिला?"

"नाही."

"मग? तुमच्या मायेपायी त्यांचा पाय आखडत चाललाय, बाबा. माया करताय ती त्यांच्यावर की स्वतःवर?"

वहिनी जिना उतरल्या आणि खालच्या बाकावर बसून रडल्या. रागाने नव्हे. पाच माणसांनी स्वतःची नोकरी धोक्यात घालून त्यांच्या नवऱ्याला एका शब्दापासून वाचवायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांनी जाऊन त्यांना झापलं होतं. झापायला तर हवंच होतं. पण इतकी माणसं या माणसाने जोडून ठेवली होती, आणि घरी कधी एका शब्दाने बोलला नव्हता.

*

लंबू दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला आला. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर काढलेले. वहिनींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. दादांना भरवून झालं होतं. वहिनींचं स्वतःचं ताट गॅसजवळ झाकलेलं होतं.

"दादा, जेवलात का?" लंबूने विचारलं.

"हो," दादा म्हणाले.

लंबूने तपकिरी पाकीट काढलं. दादांचे डोळे एकदम त्यावर गेले आणि पाठ ताठ झाली. वहिनींनी खुर्चीची कड घट्ट धरली. लंबू शिकवल्याप्रमाणे नोटीस वाचून दाखवू लागला, सावकाश, एकेक शब्द. 'असमर्थ'पाशी त्याचा आवाज फाटला. त्याने घसा साफ केला आणि तो शब्द पुन्हा वाचला, नीट. मग कागद दोन्ही हातांनी दादांसमोर धरला.

दादांनी तो घेतला. डाव्या हाताचं बोट ओळींवरून फिरत फिरत तारखेपाशी थांबलं. त्यांनी मान हलवली. मग ते वहिनींकडे वळले.

"ताई," ते म्हणाले, "जेवण झालं का तुमचं?"

बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवऱ्याने ताई म्हटलं. वहिनींना हसू आलं. दादांना नोटीस कळली होती. ती कुणाची, एवढंच कळलं नव्हतं. सगळं कळलं असतं तर बरं की वाईट, हे वहिनींना आजही ठरवता आलेलं नाही.

"नाही झालं," त्या म्हणाल्या. खोटं बोलवेना.

"मग जेवून घ्या. मी थांबतो."

"दादा, तेवढी सही केलीत तर..." लंबू म्हणाला.

"ताईंचं होऊ दे आधी." दादांनी कागद छातीशी धरला.

तेव्हा वहिनींनी ताट आणलं आणि त्या समोर बसून जेवल्या. दादा कोसळले तेव्हापासून त्या ओट्यापाशी उभ्या उभ्याच दोन घास पोटात ढकलत आल्या होत्या. आज दोन माणसं गप्प बसून त्यांचं जेवण संपायची वाट बघत होती. त्यांनी घाई केली नाही. ताट पुसून काढलं, हात धुऊन आल्या.

दादांनी मग नोटीस त्यांच्या हातात दिली. तारखेवर बोट ठेवलं. "चुकवू नका."

"नाही चुकवणार," वहिनी म्हणाल्या.

लंबूने अहवालाचा कागद पुढे केला. दादांनी पेन घेतलं, स्वीकारणाऱ्याची जागा सोडली आणि बजावणाऱ्याच्या जागी सही केली. लंबू काही बोलणार होता. वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. स्वीकारणाऱ्याच्या जागी त्याने दादांच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि स्वतःची सही दादांच्या सहीखाली केली.

*

दीड महिन्यात हुकूम झाला. टायरवाल्याने जामिनावर सही केली आणि पेन वहिनींना भेट म्हणून देऊन टाकलं. व्यायामवाल्या बाई पुन्हा तीनदा येऊ लागल्या. हिशेबाचं आता तिसरं वर्ष आहे. दरवर्षी वहिनी औषधांच्या, व्यायामाच्या, धुलाईच्या पावत्या तारखेवार लावून कोर्टात नेतात. तिथला कारकून एकेकीवर बोट ठेवून विचारतो आणि त्या उत्तर देतात. वेळ जातो, रजा जाते, वकीलबाईंची फी जाते. पण दादा वॉकर धरून दारापर्यंत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवलात का म्हणून विचारतात.

एक खर्च मात्र वहिनींनी हिशेबात कधी दाखवला नाही. त्या अहवालाची शिक्क्याची नक्कल त्यांनी स्वतःच्या पगारातून काढून घेतली. दुकानात, काचा पुसायच्या फडक्यांखाली, ती घडी घालून ठेवली आहे. त्यावर बजावणाऱ्याच्या जागी दोन सह्या आहेत, वरची वाकडी आणि खालची घाबरट. आणि वरती लंबूच्या अक्षरात लिहिलं आहे: समक्ष बजावली, दुपारी बारा चाळीस, जेवण झाल्यावर.