घडी बदलली की हाक मारायची

"ओढली की पुरते, सोडली की मागे सरते. आणि म्हणे कॉम्प्युटरवर छान बसली होती," आत्या पुटपुटली. तेव्हा मी तिच्या चिमट्यात होते आणि तिचं नाक माझ्यापासून बोटभर अंतरावर होतं. भिंगाच्या दिव्याखाली माणूस जे पुटपुटतो, ते चिमट्यातल्या वस्तूलाच ऐकू येतं.

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. फूटपट्टी नव्हे, आणि जखमेवरची तर नव्हेच. मी सर्किटची वाकणारी पट्टी आहे. मधाच्या रंगाच्या पातळ फिल्मवर केसासारख्या तांब्याच्या रेघा, असं माझं रूप. नेहमीचं सर्किट हिरव्या ताठ पाटीवर असतं. ते मोडेल, पण वाकणार नाही. मला मात्र वाकण्यासाठीच जन्माला घातलं. कानामागे लावायच्या श्रवणयंत्राची इवलीशी डबी, तिच्यात बॅटरीला वळसा घालून मी बसायचं, आणि माझ्या टोकावरचा माइक डबीच्या भोकाशी नेमका यायचा. एवढंच माझं काम. पण ते नेमकं.

माझ्यासारखीला दोन रूपं असतात. कारखान्यात मी सपाट तयार होते, आणि डबीत आयुष्यभर घडी होऊन राहते. म्हणून कॉम्प्युटरवरही, कॅड म्हणतात त्या चित्रकामात, मला दोन्ही रूपांत काढावं लागतं. सपाट रूप ताई काढायची. कुठली रेघ कुठून जाईल, कुठला भाग कुठे बसेल, हे तिचं. घडीचं रूप तिची धाकटी बहीण काढायची, तिला सगळे छोटी म्हणत. मी कुठे वाकेन, किती वाकेन, डबीत मावेन का, हे तिचं. घराच्या मागच्या खोलीत दोघींची टेबलं होती, पाठीला पाठ लावून, मध्ये एक कपाट. छोटीने बटण दाबलं की मी पडद्यावर सपाट पडलेली उठायचे, वाकायचे, बॅटरीभोवती वळायचे. कुठे भिंतीला टेकले तर तेवढाच भाग लाल दिसायचा. मग ती म्हणायची, "टेकली गं बाई."

दोघींची चित्रं वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये होती. एकीने काही बदललं तर दुसरीच्या चित्राला ते आपोआप कळत नसे. त्यावर त्यांनी स्वतःचा साधा नियम केला होता. छोटीने घडी बदलली की ती कपाटापलीकडे हाक मारायची, "घडी!" ताई आपलं सपाट चित्र त्याप्रमाणे दुरुस्त करायची आणि उत्तर द्यायची, "उलगडली!" कधीकधी स्वयंपाकघरातून आत्याही ओरडायची की धुण्याच्या घड्याही राहिल्यात, त्यांनाही कुणीतरी विचारा. आई-वडील गेल्यावर या घराची घडी आत्यानेच बसवली होती, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता. यंत्राचे बारीक भाग जोडायचं कामही तिचंच.

मग एक नवी बॅग आली. मोठी, चाकांची, निळी. ती त्याच खोलीतल्या छोटीच्या पलंगाखाली गेली आणि तिच्यावर चादर आली. छोटीला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती. तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि बाकी दोघींनी विचारलं नाही. ताईचं काम छोटीशिवाय अर्धंच राहणार होतं, आणि ताईचं घर तर अर्ध्याहून कमी. म्हणून जणू बॅग तिथे नव्हतीच. आत्या केर काढताना झाडू बॅगेपर्यंत न्यायची, थांबायची, आणि वळसा घालून परत यायची. तो वळसा पाहून मला आपलंच काहीतरी आठवायचं. हळूहळू खोलीतल्या हाका विरळ झाल्या. आधी दुपारच्या गेल्या, मग सकाळच्याही.

अशात कानाच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, लहान मुलांच्या कानामागे ही डबी काचते, कान लाल होतात, जरा पातळ करा. छोटीने डबी पातळ केली. पण बॅटरी होती तेवढीच, त्यामुळे डबी थोडी उंच झाली आणि माझा वळसा वाढला. छोटीने तो नव्याने घातला, मला थोडं लांबवलं, बटण दाबलं. कुठेच लाल नाही. सुरेख बसले होते मी. हाक तिच्या ओठांपर्यंत आलेली मी पडद्यातून पाहिली. पण त्या सकाळी दोघींत चहाच्या कपावरून उगाच खटका उडाला होता. छोटीने नुसतं सेव्ह केलं. हाक आली नाही म्हणजे घडी तीच, असं धरून ताईने आपल्याकडचं जुनं सपाट चित्र कारखान्यात पाठवून दिलं.

कारखान्यात मला दाबलं, तापवलं, द्रावणात बुडवलं, कापलं. मी पाकिटातून घरी आले. ताईने मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाली, किती देखणी आहे. माझ्या आयुष्यातलं सगळं कौतुक तेवढ्या एका मिनिटात आटोपलं. पुढे आत्याचा चिमटा, आणि मी अर्ध्या तांदळाएवढी कमी.

आता मी ताईच्या मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली आहे. वारा आला की हलते. कुणी धूळ पुसली तर पुसली. मी कुठल्याच कानामागे गेले नाही, पण माझ्या धाकट्या बहिणी गेल्या, पुऱ्या मापाच्या. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, एका मुलीने यंत्र लावल्यावर आपल्या जॅकेटची झिप पुन्हा पुन्हा वरखाली केली. झिपला आवाज असतो हे तिला माहीतच नव्हतं. ते ऐकून ताई हसली आणि मग बराच वेळ पलंगाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. छोटी आता लांबून काम करते, सुट्टीच्या दिवशी. फोन स्पीकरवर असतो. तिकडून "घडी!" येते, इकडून "उलगडली!" जाते, आणि आत्या अजूनही धुण्याचं विचारते.

मित्रांनो, तुमच्या हातात माझ्यासारखी कुणी आली तर एकाच जागी करकचून दुमडू नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आतलं तांबं तडकतं. वाकायच्या जागी थोडी लांबी जास्तीची ठेवा, ती वाया जात नाही. आणि तुमच्याकडची घडी बदलली, तर ज्याचं चित्र तुमच्या चित्राला जोडलेलं आहे, त्याला हाक मारा. नुसतं सेव्ह केलेलं दुसऱ्याला कळत नाही.

मी हे कुठे शिकले, ते सांगायचं राहिलं. त्या चिमट्याच्या दिवशीच, दुपारी.

आधी सगळा दोष कारखान्यावर गेला. ताईने मला मोजलं, कारखाना बरोबर होता. मग प्रोग्रॅमवर गेला, वळशाची लांबी त्याने चुकीची काढली असेल म्हणून. छोटीने तपासलं, तोही बरोबर. मग हवा, उष्णता, पाकीट, चिमटा. आत्या म्हणाली, माझ्या चिमट्याला मध्ये आणू नका, तो तुमच्या दोघींहून जुना आहे. शेवटी ताई आपलं स्टूल ओढत कपाटापलीकडे गेली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा दोघी एकाच पडद्यासमोर बसल्या. माझी दोन्ही रूपं एकावर एक ठेवली, आणि दोन कडांमध्ये ती अर्ध्या तांदळाएवढी फट दिसली.

"हे कधी बदललंस?" ताईने विचारलं.

"डॉक्टरीणबाई येऊन गेल्या त्या दिवशी."

"हाक नाही मारलीस."

छोटीने मला बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पलंगापाशी आत्याचा झाडू बॅगेपर्यंत गेला होता. या वेळी तो वळला नाही. तिथेच थांबला.

ताई पडद्याकडेच पाहत होती. हलकेच म्हणाली, "मार की मग. मी ऐकतेय."

छोटीने मला टेबलावर सपाट ठेवलं आणि तळहाताने दाबून धरलं. तिचा हात गरम होता.

"घडी बदलली, ताई," ती म्हणाली. "मी घर सोडून चाललेय."