साखरेचा काडीमोड

वर्गातल्या पोरी त्यांना काकू म्हणत, आणि त्यात पोरींचं काही चुकत नव्हतं. आईच्या वयाची बाई शेजारी पांढरा कोट घालून परीक्षानळ्या विसळायला लागली, तर दुसरं काय म्हणणार? लग्नाच्या घाईत अर्धी सुटलेली पदवी पुरी करायला काकू परत आल्या होत्या. रसायनाच्या प्रात्यक्षिकात एकदा सपशेल आपटल्याही होत्या. आजची संधी शेवटची. एका शाळेने विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा त्यांच्यासाठी अडवून ठेवली होती, पण पदवी हातात आली तरच.

अभ्यास त्यांनी स्वयंपाकघरात केला, तोही मोठ्याने, त्यामुळे कर्बोदकं अख्ख्या घराला पाठ झाली. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे सडेफटिंग, म्हणजे एकशर्करा. साखर हे त्या दोघांचं जोडपं, म्हणजे द्विशर्करा. आणि स्टार्च हे असंख्य ग्लुकोजचं एकत्र नांदणारं खटलं, म्हणजे बहुशर्करा. साखरेतलं जोडपं एकमेकांचे हात असे घट्ट धरून बसतं, की बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाला द्यायला एकही हात मोकळा उरत नाही. म्हणून ते द्रावण निळं ते निळंच राहतं. यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, नवं लग्न असेल. जाऊबाईंची हसून हसून पुरेवाट झाली.

परीक्षेत मात्र हसू पळालं. काकूंच्या वाट्याला एक पांढरी भुकटी आली, आणि चाखून बघायची सोय नव्हती. पहिल्या चाचणीत जांभळं कडं उमटलं, म्हणजे कर्बोदक नक्की. आयोडीनने निळा रंग दिला नाही, म्हणजे स्टार्च नाही. बेनेडिक्ट तापवूनही निळंच. साखर असणार, काकूंनी ताडलं. आता ते सिद्ध करायचं होतं. आम्ल घालून उकळायचं, जोडप्याचा काडीमोड करायचा, आणि सुटे झालेले दोघं बेनेडिक्टला विटकरी रंगावर आणतात का ते पाहायचं.

काकूंनी उकळलं, बेनेडिक्ट ओतलं, पुन्हा तापवलं. निळंच.

शेजारच्या पोरीचीही तीच गत झाली होती. द्रावणच शिळं आहे, विटकरी आलं असं बिनधास्त लिहून टाका, असं ती कुजबुजली आणि स्वतः लिहून मोकळीही झाली. वेळ संपत आली होती. काकूंनी पेन उचललं आणि तिथेच थांबल्या. बेनेडिक्ट ओतताना नळी फसफसली होती. का फसफसावी? आम्लाला सोडा भेटला की फसफसतं. बेनेडिक्टची सारी मदार त्याच्यातल्या सोड्यावर, आणि नळीत उरलेलं आम्ल तोच खाऊन बसलं होतं. काडीमोड केव्हाच झाला होता, पण आम्ल नावाचा वकील काही घरातून हलला नव्हता.

काकूंनी नव्याने सगळं उकळलं. या वेळी आधी चिमूटचिमूट सोडा घातला, फसफस पार थांबेपर्यंत, आणि मगच बेनेडिक्ट. नळी तापली. हिरवं, पिवळं, नारिंगी झालं, आणि बघता बघता विटकरी गाळ खाली बसला. काकूंना आनंदाने रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात परीक्षक आले. स्टँडमध्ये शेजारी शेजारी निळी आणि विटकरी नळी पाहून त्यांच्या भुवया चढल्या. बिघडलेला प्रयोग लपवायचा सोडून कोणी असा मांडून ठेवतं का, असं त्यांनी विचारलं. काकूंनी फसफशीची हकीकत सांगितली.

"निळं राहिलं तेव्हाच साखर नाही असं लिहून का नाही मोकळ्या झालात?"

"साखर नळीत होती, सर. चूक माझी होती. माझ्या चुकीसाठी साखरेला नापास कसं करू?"

परीक्षकांनी त्यांच्यादेखत पैकीच्या पैकी गुण मांडले. मग या वयात पदवी कशाला, असं विचारलं आणि शाळेचं ऐकून घेतलं.

"वर्गात पोरांना ही निळी नळी आधी दाखवा, बाई," ते म्हणाले. "विटकरी नंतर."