मालकाचं नाव

सुकन्यानं कडी वाजवली तसा आतला उखळाचा आवाज थांबला. केळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात करत ती पायरीवर उभी राहिली. लातूरहून किल्लारीला येताना जीपमध्ये तिनं माफीची चार वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एक धड आठवेल तर शपथ.

दार शांतम्माच्या सुनेनं, मंजुश्रीनं उघडलं. सुकन्याला बघताच तिच्या कपाळाला आठी पडली.

“अव्वा, लातूरच्या ताई आल्यात,” ती आत सासूकडे बघून म्हणाली.

आठी पडणारच. सुकन्याच्या पाककृतींच्या रील्स दोन लाख लोक बघायचे, आणि त्यातल्या एकालाही तिचं घर ठाऊक नव्हतं. त्या रोजच्या नटण्यामुरडण्याला विटून तिनं ‘चुलीपुढं’ नावाचा ग्रुप काढला होता. लातूर-नांदेडकडच्या बेचाळीस बायका, बस्स. मन मोकळं करायचं, आणि इथलं इथंच ठेवायचं. लोह्याच्या बबिताला बाळंतपणात रक्त लागलं, तर तोंडओळख नसताना नांदेडच्या तिघीजणी दवाखान्यात हजर! असा तो ग्रुप.

सत्तरीची शांतम्मा तिथं रोज बोलायची, आवाज रेकॉर्ड करून; लिहायची कधीच नाही. एकदा शेंगांची चटणी सांगता सांगता बोलून गेली, “तेल सुटंपस्तोर कुटायचं, बायांनो. हात भरून आला की मी मालकाचं नाव घेते. सिद्रामप्पा! सिद्रामप्पा! ते होते तवर कदी तोंडानं नाव घेतलं न्हाई. आता घेते. जोर येतो.”

ते ऐकून सुकन्या रडली होती. आणि रडून झाल्यावर काय करावं या बाईनं? तेवढा आवाज उचलून आपल्या रीलला लावला! एवढं खरंखुरं जगानंही ऐकावं, असं वाटलं तिला. ऐकलं ना जगानं. चौथ्या दिवशी पोरंटोरं तोच आवाज लावून, ‘सिद्रामप्पा!’ ओरडत जिममध्ये वजनं उचलत होती.

सुकन्यानं रील काढून टाकली, पण तोवर आवाज गावोगाव गेला होता. शांतम्मा ग्रुपवर बोलायची बंद झाली, त्याला दोन महिने झाले. तिनं पुन्हा बोलावं, एवढ्याचसाठी सुकन्या आली होती.

“ये माय, बस. उन्हाचं कशाला आलीस गं?” पदराला हात पुसत शांतम्मा बाहेर आली.

“शरणार्थ, काकू,” सुकन्यानं हात जोडले. “चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.”

“हाव. विचारायचं होतंस.”

म्हातारी एवढंच म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मग जेवल्याशिवाय सोडेना. भाकरी वाढता वाढता गुडघ्याचं बोलली, सोयाबीनचं बोलली, देवणी गाईनं कालवड दिली ते सांगताना हसलीसुद्धा. सुकन्याच्या जिवात जीव आला.

“काकू, मग याल ना ग्रुपवर? सगळ्या तुमची वाट बघून राहिल्यात.”

“येईन की. बायांनी काय केलंय माझं? तू बी पोरच हायस.”

मंजुश्री फाट्यापर्यंत सोडायला आली. जीप दिसल्यावर म्हणाली, “गल्लीतली पोरं मामंजींचं नाव घेऊन वरडतात, ताई. आता अव्वा मुकाट्यानंच कुटतात.”

सुकन्याला लाज वाटली, नुसती लाज.

दिवेलागणीला ती घरी पोचली न पोचली तोच ग्रुपवर शांतम्माच्या नंबरावरून मजकूर आला. आवाज नाही, टाइप केलेला.

‘सर्व भगिनींना सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. शेंगदाणा चटणीचे साहित्य व कृती पुढीलप्रमाणे आहे.’

खाली एक, दोन, तीन असे आकडे घालून सगळं नीट लिहिलं होतं. बायकांनी फुलं टाकली, हात जोडले. मग लोह्याहून बबिताचा आवाज आला, “सुकन्याताई, काकूच्या फोनवरून हे कोण लिहून राहिलंय?”

“काकूच आहेत,” एवढं बोलायला सुकन्याला तीनदा बटण दाबावं लागलं.